पायवाट नको म्हणून

अलास्काहून परत आल्यापासून एकच प्रश्न ऐकतोय, ‘एवढं काय बघितलंस?’ पहिले दोन दिवस तर फक्त ढग बघितले. बेटल्स नावाच्या इवल्याशा वस्तीत आम्ही पाठपिशव्या भरून बसलो होतो आणि पायलट दर तासाला आकाशाकडे बघून मान हलवत होता. तळ्यावर उतरणारं ते छोटं विमान ढग उठल्याशिवाय निघत नाही. चिडून उपयोग नसतो. मी तरी चिडलोच.

जायचं होतं ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ राष्ट्रीय उद्यानात. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, बेल्जियमपेक्षा मोठं. १९८० साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आत एकही रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही, पाटी नाही. गंमत म्हणजे प्रवेश फी नाही आणि स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला परवानाही लागत नाही. कुणी अडवत नाही, तरी वर्षाकाठी येणारे जेमतेम दहा-बारा हजार. जाणं अवघड आहे, एवढीच काय ती राखण.

आत गेल्यावर ते अवघडपण पायांना कळतं. दुरून मऊ हिरवळ वाटते ती प्रत्यक्षात गवताचे डुगडुगणारे गड्डे असतात. वर पाय दिला तर घसरतो, मधे दिला तर पाण्यात जातो. तासाला एक किलोमीटर झालं तरी आम्ही खूश. डासांबद्दल न बोललेलंच बरं.

निघण्याआधी रेंजरबाईंनी अस्वलाला उघडता न येणारे डबे दिले, अन्न ठेवायला. आणि एक सूचना केली: एकामागोमाग चालू नका, पसरून चाला. एकाच्या पावलावर दुसऱ्याने पाऊल टाकलं की वाट पडायला सुरुवात होते, आणि तिथली झाडोऱ्याची जखम भरायला वर्षानुवर्षं लागतात. आयुष्यभर मळलेल्या वाटेने चाललेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो. मी सारखा पुढच्याच्या मागे जाऊन उभा राहायचो.

आता टोचणारी गोष्ट. फी नाही हे खरं, पण विमानाचं भाडं सणसणीत. म्हणजे ही जागा सगळ्यांची असली तरी पोचतो तो ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. मीही त्यातलाच. यापेक्षा ॲरिझोनातल्या ‘द वेव्ह’ या लाटेसारख्या खडकांच्या जागी प्रवेशासाठी असते तशी सोडत मला न्याय्य वाटते, निदान चिठ्ठीला खिसा दिसत नाही. पण मग रस्ता करा, असं कुणी म्हणालं तर माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. दक्षिणेकडच्या राखीव भागातून खाणींसाठी ३०० किलोमीटरहून लांब अ‍ॅम्ब्लर रस्ता न्यायचा वाद कित्येक वर्षं चाललाय. मी रस्त्याच्या विरोधात आहे. मात्र ज्यांचं पोट तिथल्या कॅरिबू हरणांवर आणि माशांवर आहे त्या गावांचा शब्द, आठवडाभर फिरून आलेल्या माझ्या शब्दापेक्षा जड धरायला हवा.

आणि फोटोंखाली ‘लोकेशन टाक ना’ म्हणणाऱ्यांनो, रागावू नका. उद्यानाचं नाव वर दिलंय. त्या दरीचं नाव मी टाकणार नाही. मी पिन टाकली, तुम्ही तिथेच उतरलात, तुमच्यामागून आणखी दहा जण आले, की पसरून चालायला सांगणाऱ्या त्या बाईंना मी काय तोंड दाखवू?