आग होणे म्हणजे गुण येणे नव्हे

रेटिनॉल म्हणजे सुरकुत्या कमी करण्यासाठी त्वचेवर लावायचे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप. ‘रेटिनॉल सुरू करण्याचे नियम’ असा एक संदेश इंदिरानगरातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे. माझ्या भाचीने तो तंतोतंत पाळला. आता तिच्या नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले आहेत आणि तोंडावर साधे पाणी मारले तरी चुरचुरते. म्हणून हे उत्तर.

संदेशातील सर्वांत घातक वाक्य असे: ‘पहिल्या दिवसापासून रोज लावा, आग होणे म्हणजे गुण येणे, थांबू नका.’ सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडा कोरडेपणा येतो, एवढे यातले खरे मानावे लागेल; पण तो उपद्रव आहे, औषध लागू पडल्याची खूण नव्हे. २००७ साली मिशिगन विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ८७ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्यावर रेटिनॉल नसलेले लोशन, आठवड्यातून फार तर तीनदा, असे २४ आठवडे लावले असता रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. तीनदा लावून इतका फरक पडत असेल, तर पहिल्याच आठवड्यापासून रोज थापण्याची घाई कशासाठी? आठवड्यातून दोनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर मटाराच्या दाण्याएवढे घ्यावे, वर मॉइश्चरायझर लावावे, आणि आग झाली तर सरळ काही दिवस थांबावे. सोबत लिंबू चोळण्याचा सल्ला तर निव्वळ अघोरी आहे. आधीच सोललेल्या कातडीवर आम्ल चोळून दुसरे काय होणार?

‘पन्नाशीनंतर उपयोग नाही, म्हणून विशीतच सुरू करा,’ हा मुद्दा वरच्याच अभ्यासाने निकालात निघतो.

‘नाशिकची हवा थंड, इथे सनस्क्रीन नको,’ असेही लिहिले आहे. अतिनील किरणांना हवेच्या गारव्याशी देणेघेणे नसते. डिसेंबरच्या थंडीतही गंगापूर रोडवरून दुपारी दुचाकीने जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते पडतातच.

शेवटची ओळ मात्र केवळ चुकीची नाही, बेजबाबदार आहे: ‘हे व्हिटॅमिनच आहे, गरोदरपणीही चालते.’ याच कुळातील आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरील औषधाच्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. त्वचेवर लावलेले रेटिनॉल शरीरात फारच थोडे शोषले जात असले, तरी गर्भवतींनी ते बंद ठेवावे, असाच त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी निदान ही ओळ चुकीची असल्याचे त्याच गटावर लिहावे.