भिंतीला हात लावायचा नाही

"छोटंसं सेशन आहे सर, फार काही नाही" असं क्लायंट म्हणाला की माझ्या पोटात गोळाच येतो. मी फॅसिलिटेटर आहे, म्हणजे लोकांच्या मीटिंगा घेऊन देतो. आई शेजारी सांगते, तो लोकांना बोलायला लावतो आणि त्याचे पैसे मिळतात, आणि पुण्यात माणसाला बोलतं करायला पैसे लागतात यावर शेजाऱ्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

तर भोसरीच्या एका कारखान्यातून एचआर मॅडमचा फोन. शॉपफ्लोअरचं रिजेक्शन, म्हणजे बिघडून बाद होणारा माल, कमी कसा करायचा ते लोकांकडूनच काढायचं होतं. मी अख्खा दिवस मागितला, दोन तास मिळाले. मग व्हॉट्सअॅपवर अटी हप्त्याहप्त्याने यायला लागल्या. प्रॉडक्शन थांबायला नको म्हणून गुरुवारी घ्या (गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे माणसं सुट्टी सोडून, तोंडं पाडून येणार). ओव्हरटाइमचा विषय नको. नवीन मशीन कुणी मागता कामा नये. भिंतींना नवीन रंग दिलाय, काही चिकटवायचं नाही. साहेब मागे बसतील पण बोलणार नाहीत. आणि रात्री साडेदहाला शेवटची, "सर, निर्णय तसा झालाय, फक्त तो आपणच घेतला असं सगळ्यांना वाटायला हवं."

बाकीचं गिळलं, हे नाही गिळता आलं. सकाळी फोन केला, म्हटलं मॅडम, ठरलंच असेल तर साहेबांनी सरळ सांगून टाकावं, अर्धा तास लोकांना प्रश्न विचारू द्यावेत, मी कशाला हवा? बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "पण सर, तुमची पीओ निघालीये." पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, कामाची लेखी ऑर्डर. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर निदान कशापासून सुरुवात करायची ते लोकांनी ठरवायचं, एवढं त्यांनी साहेबांकडून सोडवून आणलं.

भिंतीऐवजी कागद टांगायचा उपाय तुळशीबागेत सापडला, नायलॉनची दोरी आणि दोन डझन कपड्यांचे चिमटे. खिडकीच्या गजापासून एसीच्या पाइपापर्यंत दोरी ताणली तर कॉन्फरन्स रूम थेट वाड्याच्या गॅलरीसारखी दिसायला लागली, वाळत घातलेलं फक्त धोतर कमी.

साहेबांसमोर तोंड कोण उघडणार, म्हणून ६-३-५ काढलं. रोहरबाख नावाच्या जर्मन माणसाची १९६८ची पद्धत. ६ जणांनी प्रत्येकी ३ कल्पना ५ मिनिटांत कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, त्याने आधीच्या वाचून खाली आपल्या ३ लिहायच्या, असे ६ फेरे. अर्ध्या तासात १०८ कल्पना आणि तोंडातून अवाक्षर नाही. "१०८? जपमाळ आहे का?" मागून एक काका पुटपुटले. एकूण २३ जण आलेले, एका टेबलाला माणूस कमी, म्हणून साहेबांना पुढे यावंच लागलं, तेही खुशीत आले, अट त्यांचीच असूनसुद्धा.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी सगळ्यांना एकसारखे काळे स्केचपेन दिले होते आणि मोठ्या अक्षरांत लिहा असं बजावलंही होतं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि खिशातून आपलं हिरव्या शाईचं पेन काढलं. झालं! त्यांच्या कागदावर हिरव्या तीन ओळी आणि खाली पाच वेगवेगळ्या हातांनी "बरोबर", "योग्य", "सहमत". नशीब, बाकीची तीन टेबलं हिरव्या शाईपासून लांब होती. गेज (माप तपासायची साधनं) झिजलेत, आणि शिफ्ट बदलताना पहिले दहा जॉब, म्हणजे तयार झालेले नग, कुणीच तपासत नाही, ही कामाची गोष्ट तिथूनच निघाली आणि सुरुवात यापासूनच करायची असं हात वर करून ठरलं.

विषयाबाहेरच्या किंवा बंदी घातलेल्या मुद्द्यांसाठी आम्ही एक वेगळा चार्ट ठेवतो, त्याला पार्किंग लॉट म्हणतात. इथे तो दोरीच्या टोकाला टांगला होता आणि वीस मिनिटांत दिवाळीतल्या लक्ष्मी रोडसारखा भरला. ओव्हरटाइम, ओव्हरटाइम, नवीन मशीन, परत ओव्हरटाइम. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी एसीकडे. साहेब उठून चार्टजवळ गेले, चष्मा वर करून सगळं वाचलं, आणि काही न बोलता मोबाइलवर फोटो काढला. अट पाळली म्हणायची!

बिल पाठवलं. पंधरा दिवसांनी अकाउंट्समधून मेल आला, फी मंजूर, पण दोरी आणि चिमट्यांचं जीएसटी बिल जोडल्याशिवाय पेमेंट सोडता येणार नाही. आता तुळशीबागेत पथारीवर बसलेल्या मावशींना मी हे कोणत्या तोंडाने मागू?