‘हेराल्डप्रेमी’ यांना उत्तर: मी हौशा, नवशा की गवशा?

‘अर्ध्यावर राहिलेली स्पिटफायर’ या माझ्या लेखावर ‘हेराल्डप्रेमी’ या नावानं एक प्रतिक्रिया आलीय. खालीच दोन ओळी लिहून सोडून देणार होतो. पण दोन दिवस डोक्यातून जाईना, आणि लिहायला बसलो तर हे एवढं लांबलं. म्हणून वेगळं टाकतोय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये मी एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची आपल्याकडं बनलेली गाडी, घेतली. तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून ट्रायम्फ स्पिटफायरसारखी दोन सीटची, वरून उघडी स्पोर्ट्स कार करायला घेतली. मार्च २०१६ मध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि काम थांबलं. त्याच वर्षी मुलगी झाली. २०१८ मध्ये होतं नव्हतं ते विकून शेड रिकामी केली.

आता प्रतिक्रिया. जशीच्या तशी देतो, नंतर कुणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढंच उचललं:

“लेख वाचला. आपल्याकडच्या हेराल्डला ११४७ सीसीचं इंजिन कधीच नव्हतं, ९४८ होतं. गाडी चालू स्थितीत घेतली असं तुम्हीच लिहिता, मग तिची चासी कापलीत कशाला? वडिलांच्या आजारपणाचं वाईट वाटलं, पण गाडी त्याआधीच संपली होती. असा बदल केलेली गाडी आरटीओनं पास केलीच नसती, आणि मूळ रूपात ठेवली असती तर आज व्हिंटेजमध्ये नोंद झाली असती. तुमच्यासारख्या हौशा-नवशा-गवशांमुळेच जुन्या गाड्या भंगारात जातात.”

पहिल्यांदा चूक कबूल करतो. ११४७ हा आकडा स्पिटफायरचा. आपल्याकडची, मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवलेली हेराल्ड शेवटपर्यंत ९४८ सीसीवरच चालली, अगदी त्याच कंपनीच्या नंतरच्या गॅझेल गाडीलाही तेच इंजिन. लिहिताना डोक्यात स्पिटफायर होती, हात तिकडं गेला. लेखात दुरुस्ती केलीय. आभार. मी चूक मान्य करत नाही असं निदान आता तरी म्हणू नका.

आता ते ‘हौशे-नवशे-गवशे’.

साहेब, मी कोल्हापूरचा आहे. हा शब्द मला पुस्तकातून शिकायला लागलेला नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जी गर्दी लोटते, तिच्यात हौशे कोण, नवशे कोण आणि गवशे कोण हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. जो मजा बघायला येतो तो हौशा, बोललेला नवस फेडायला येतो तो नवशा आणि गर्दीत काय हाताला लागतंय का बघतो तो गवशा. तुम्ही तिघांची मोट बांधून माझ्या दारात आणून टाकलीत. यातला मी नेमका कोण, एवढं तरी सांगायचं होतं.

हौशा म्हणा, चालेल. हौस होतीच. हौसेशिवाय कोण शहाणा माणूस रविवारचा दिवस गाडीच्या पोटाखाली आडवा पडून घालवतो? पण हौस म्हणजे अडाणीपणा नव्हे. मी ज्या घरात वाढलो ते घर शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर चाललं. अण्णा टर्नर. दुसऱ्याच्या शॉपमध्ये बारा वर्षं, मग स्वतःचं एक लेथ, एक ड्रिल. मी सातवीत असताना मायक्रोमीटर धरायला शिकलो, तुम्ही तेव्हा काय धरत होता मला माहीत नाही. (हे वाक्य बायकोनं काढायला सांगितलं होतं. राहू दे.)

तुम्ही स्वतःला हेराल्डप्रेमी म्हणवता तर एक विचारतो. हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनला खाली जो पितळी ट्रनियन, म्हणजे चाक वळताना फिरणारा आट्यांचा सांधा असतो, त्यात काय घालता? दहातले नऊ मिस्त्री ग्रीसगन लावतात. लावायची नसते. तिथं गियर ऑइल लागतं, नव्वदचं. ग्रीसनं आत पाणी धरतं, लोखंडी लिंकचे आटे गंजतात आणि एक दिवस वळणावर पुढचं चाक आत मुडपून गाडी गुडघ्यावर बसते. आमच्या गाडीत आधीच्या कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीसच कोंबलं होतं. अण्णांनी ते उघडलं तेव्हा आतून तपकिरी चिखल निघाला. त्यांनी बोटावर घेतला, वास घेतला, चिंधीनं बोट पुसलं आणि दुसऱ्या दिवशी गनमेटलचा तुकडा लेथवर चढवला. दोन्ही ट्रनियन घरी केले. आटा असा उतरला होता की लिंक हातानं फिरवली तर तेलाची बारीक रेघ वर चढताना दिसायची. अशा माणसाच्या पोराला तुम्ही गवशा म्हणताय.

गवशावरून आठवलं, हिशेबही मांडतो. गाडी बेचाळीस हजारांना घेतली. पुढं दीड वर्षात लाख-सव्वालाख तिच्यात गेले. इंजिन आणि गियरबॉक्स सांगलीच्या एका गृहस्थांनी नेलं, त्याचे अठरा हजार आले. चासी किलोवर गेली, तो आकडा लिहीत नाही. असा गवशा तुमच्या बघण्यात असेल तर मला भेटवा.

राहता राहिला नवशा. नवस आमच्या आईनं बोलला होता, अण्णांच्या उजव्या हातात ताकद येऊ दे म्हणून. त्याचा गाडीशी संबंध नाही. हात काही पूर्ण आला नाही, तरी नवस तिनं फेडला.

आणि हे सगळं लिहायला भाग पाडलं ते तुमच्या त्या ‘पण’नं. “वडिलांच्या आजारपणाचं वाईट वाटलं, पण.” अहो, कुणाच्या दारात सुतकाला गेल्यावर आपण ‘वाईट झालं, पण’ असं म्हणतो का? एक तर वाईट वाटू दे, नाहीतर वाद घाला. एका वाक्यात दोन्ही बसवायचं म्हणजे खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या हातानं टपली मारायची. माणूस समोर असता तर तुम्ही असं बोलला नसता, एवढी खात्री आहे. टोपणनावाचा हा फायदा असतो.

आता ‘चासी कापलीत कशाला’. मूळ लेखात हे नीट आलं नव्हतं, तर सांगतो. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नव्हती. खुद्द ट्रायम्फनंच ते केलंय. बॉडी बनवणारी फिशर अँड लडलो कंपनी १९५३ मध्ये बीएमसीनं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं, गिळली, तेव्हा स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडी पुरवणारं कुणी उरलं नाही. मग त्यांनी १९५९ च्या हेराल्डला जुन्या पद्धतीची वेगळी चासी दिली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टनं जोडले. इटलीच्या मिकेलोत्तीनं तिला रूप दिलं. पुढची सगळी तोंडाची बाजू, बॉनेट-मडगार्डसकट, मगरीच्या जबड्यासारखी पुढं उलटते ती त्याच गाडीत. आणि चासी वेगळी असल्यामुळंच त्याच मिकेलोत्तीच्या हातून १९६२ मध्ये तिच्यावर स्पिटफायर उभी राहिली. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचा त्र्याऐंशी. फरक साडेआठ इंचांचा.

ते साडेआठ इंच मी किती वेळा मोजले असतील! कागदावर, खडूनं फरशीवर, शेवटी चासीवर. डिसेंबर २०१४, शनिवारची संध्याकाळ. बायको हॅलोजन धरून उभी. अण्णा स्टुलावर बसलेले. त्यांनी माझ्या खुणा दोन्ही बाजूंनी परत ताडून बघितल्या, एका बाजूला सूतभर फरक होता तो पुसून नीट केला. मग म्हणाले, “चालती गाडी हाय ही. इचार कर.” मी म्हटलं, केलाय. ते काही बोलले नाहीत. उठून ग्राइंडरचा प्लग त्यांनीच लावला.

म्हणजे तुम्हाला वाटतंय तसं उठला आणि कापलं असं झालेलं नाही. माझ्यासमोर चाळीस वर्षं लोखंड कापलेला माणूस बसला होता, आणि त्यानंही विचार कर म्हटलेलं मी ऐकून घेतलं होतं.

“गाडी त्याआधीच संपली होती” हे तुम्ही कशावरून ठरवलंत? डिसेंबर २०१४ ते मार्च २०१६ हे पंधरा महिने आम्ही काय शेडमध्ये पत्ते कुटत होतो? स्पिटफायरच्या चासीला हेराल्डसारख्या बाजूच्या पट्ट्या नसतात, तिची निम्मी ताकद बॉडीच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पेटीसारख्या पट्टीत असते. म्हणजे चासी आखूड करून भागत नाही, सिल करावे लागतात, आणि सिल करायचे तर बॉडी लागते. बॉडीसाठी आधी लाकडी साचा. साच्याला एक उन्हाळा गेला. फायबरचं काम करणारा मिळाला, त्यानं ॲडव्हान्स घेतला आणि गणपतीच्या मूर्तींच्या सीझनमध्ये जो गायब झाला तो दिवाळीनंतर उगवला. मधे धाकट्या बहिणीचं लग्न. त्यात मागच्या स्विंग ॲक्सलचा आडवा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, दबून बसलेला होता, तो पुन्हा सेट करून आणला. कामं चालू होती. दिसत नव्हती, एवढंच. मार्चमध्ये फक्त वेल्डिंगचे टाके मारायचे राहिले होते. म्हणजे टाके, सिल, बॉडी आणि वायरिंग.

पासिंगचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा तो निकाल, कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत बदल करता येणार नाही असं सांगणारा, जानेवारी २०१९ चा. माझी गाडी त्याआधीच गेली होती. तो विषय संपला. व्हिंटेजचे नियम तर २०२१ चे. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, आणि रोज रस्त्यावर काढायची नाही. मला गाडी चालवायची होती, फुलांचा हार घालून प्रदर्शनात उभी करायची नव्हती.

चालवली मात्र एकदाच. इचलकरंजीच्या निवृत्त प्राध्यापकांकडून घेतली त्या दिवशी, तिथून घरापर्यंत, तीसेक किलोमीटर. अण्णा शेजारी. हातकणंगल्याच्या पुढं खिडकीची काच आपोआप खाली घसरली ती वर येईना, तर त्यांनी पूर्ण रस्ता एका हातानं धरून ठेवली. आमच्या गल्लीत मारुती ८०० सुद्धा दोनदा मागंपुढं केल्याशिवाय वळत नाही. हेराल्ड एका दमात वळली. पुढची चाकं इतकी तिरपी होतात तिची, पंचवीस फुटांत पूर्ण गोल. कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहिली. अण्णा म्हणाले, परत वळव. परत वळवली.

असो. कुठं होतो मी?

हां, भंगार. चासी भंगारात गेली हे खरं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, ठेवा. पण एक लक्षात घ्या, ती शेड शाहूपुरीत नाल्याच्या अंगाला होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिथं कमरेच्या वर पाणी होतं, कित्येक दिवस. गाडी अखंड असती, तुमच्या आवडीच्या मूळ रूपात असती, तरी पाण्यातच बसली असती. त्या वेळी माझ्याकडं एक लंगडणारा बाप, तीन वर्षांची पोरगी आणि वरच्या मजल्यावर चढवायचं घरभर सामान होतं. गाडी ढकलायला मी तुम्हाला बोलावलं असतं का? तुमचं तर नावही माहीत नाही.

बाकी तुमच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं काही मला दिसत नाही. यापुढं प्रतिक्रिया द्यायची असेल तर खऱ्या नावानं द्या, नाहीतर उडवीन. माझी जागा आहे, माझा नियम.

एक राहिलं. हेराल्डचं बॉनेट मी विकलेलं नाही. ते अख्खं तोंड, मडगार्डसकट, आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलंय. हेडलाइटच्या एका भोकाला गंज धरलाय, दुसरी बाजू शाबूत आहे. बिजागऱ्या आहेत, त्यांचे बोल्ट डब्यात आहेत. ते दोन ट्रनियनही आहेत, तेल लावून कापडात गुंडाळलेले. तुमच्याकडं खरंच हेराल्ड असेल आणि उपयोग होणार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. टेम्पो तुम्ही आणायचा, आणि सोबत एक माणूस, जिन्यातून एकट्याला उतरत नाही. रविवारी या, पण दहाच्या नंतर. त्याआधी अण्णांचा हाताचा व्यायाम असतो.