पोट्ट्यांचं नाटक बंद पाडून काय मिळवलं?

परवा चुलतभावाचा फोन आला तेव्हा इथं सकाळचे सात वाजले होते, गावात दिवे लागणीची वेळ. गाव आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं, आणि मी 14 वर्षांपासून अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात. दादा सांगत होता की शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक गावातल्या काही लोकांनी बंद पाडलं. नाटक तिथल्याच एका सरांनी लिहिलेलं, दोन वेटाळातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे देवीच्या विसर्जनात डीजे कोणाचा पुढं यावरून भांडतात अन् एकाच्या डोक्यात दगड बसतो, एवढीच गोष्ट. पण त्यात एका पोराचा बाप दारू पिऊन मारतो असं दाखवलं, अन् दुसऱ्याचा बाप पैसेवाला, पोरगा काही बोलायला आला की मोबाईलमधून मान वर न काढता पाचशेची नोट काढून देतो. लोक म्हणे हे आमच्यावरच लिहिलं, अन् वरून पोरांना गुंडगिरी शिकवता का. गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दोन दिवस तेच, मोबाईलनं पोरं बिघडली, सिनेमानं बिघडली, अन् एका भाऊनं तर लिहिलं की अमेरिकेत असे थेर चालत नाहीत, तिथं शिस्त असते.

म्हणून हे लिहून राहिलो.

माझा मुलगा आठवीत आहे, त्याला शाळेतच ‘द आउटसायडर्स’ नावाची कादंबरी वाचायला दिली होती. एस. ई. हिंटन ही याच टल्साची, पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं अन् 1967 मध्ये पुस्तक आलं. शहराचं नाव पुस्तकात नाही, पण इथल्याच शाळेत तिनं पाहिलेल्या दोन गटांवर ते बेतलेलं आहे, एक गरीब वस्तीतले केसांना तेल चोपडणारे ग्रीझर, दुसरे गाड्यावाले श्रीमंत सोश. मुलाचं झाल्यावर मी वाचलं, अन् मला आमचं गावच दिसलं. जॉनी नावाचा 16 वर्षांचा पोरगा, बाप मारतो, मायचं लक्ष नाही, म्हणून तो कितीदा तरी मोकळ्या प्लॉटवरच झोपतो. त्याच्या हातून समोरच्या गटातला बॉब मरतो. आता बॉब म्हणजे व्हिलन असं वाटतं, पण पुढं बॉबचा मित्रच सांगतो की त्याच्या आईबापांनी त्याला कधी कशालाच नाही म्हटलं नाही, तो पिऊन घरी आला तरी ते स्वतःलाच दोष देत बसायचे, अन् त्याला तर कोणीतरी एकदा नाही म्हणायला पाहिजे होतं. एकाला मार भेटला, दुसऱ्याला पैसा, पण तू कुठं होता, कोणासोबत होता हे दोघांनाही घरात कोणी धड विचारलं नाही. मग विचारतो तो गट.

एक प्रसंग माझ्या डोक्यातून जातच नाही. जॉनी दवाखान्यात मरणाच्या दारात आहे, माय भेटायला आलेली, अन् तो म्हणतो मला तिला भेटायचं नाही. पुस्तक तिथंच खाली ठेवून मी उठलो होतो.

कारण आमच्या वर्गात असा एक होता. देवळाच्या ओट्यावर झोपायचा, दप्तर डोक्याखाली घेऊन. सकाळी माझी आई त्याला चहा द्यायची, पण रात्री घरी काहून गेला नाही रे बाबू, असं तिनंही विचारलं नाही अन् मीही नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली कोणाच्या बैलजोड्या पुढं यावरून दोन वेटाळात वाजलं की हाच सगळ्यात समोर. तिथं त्याला नाव घेऊन हाका मारत ना. बाकी वर्षभर त्याला कोण हाक मारत होतं?

आता इकडं बसून गावच्या मायबापांना नावं ठेवायचा मला हक्क नाही हे मला कळतं. कापसाच्या दिवसात माय सकाळीच वेचणीला जाते, शेतीची लाईन रात्रीची असली की बाप हरभऱ्याच्या ओलिताला जातो, सापकिड्यात, थंडीत. ते पोराकडं पाहणार कधी? याला दुर्लक्ष म्हणताना माझी जीभ जड होते. पण पोराला कारण माहीत असलं तरी घर रिकामंच लागते, हे पण तेवढंच खरं. अन् ज्यांचं नाटक पाहून दुखलं त्यांचंही मी समजू शकतो, दोनअडीचशे घरांचं गाव, बाप कोणता ते सगळ्यांना कळते. सरांनी त्यांच्याशी आधी बोलायला पाहिजे होतं, एखादी खूण बदलायला पाहिजे होती. पण बंद?

अन् अमेरिकेत शिस्त असते म्हणणाऱ्या भाऊला सांगतो, इथंही हेच झालं. मारामाऱ्या, दारू, तुटलेली घरं दाखवली म्हणून या पुस्तकावर शाळांमधून इतक्या हरकती आल्या की 1990 च्या दशकात सगळ्यात जास्त हरकती आलेल्या पुस्तकांच्या यादीत ते होतं. तरी शिकवणाऱ्यांनी सोडलं नाही, म्हणून तर माझ्या पोरापर्यंत आलं. त्याला मी विचारलं, वाचून मारामारी करावीशी वाटली का रे? तो म्हणाला, बाबा, शेवटी ग्रीझर जिंकतात पण जॉनी तर मरतोच ना. मग थोड्या वेळानं, बॉबच्या आईबाबांचं पुढं काय झालं असेल, हे त्यानं मला विचारलं.

आपल्या पोट्ट्यांना हा प्रश्न पडायची जागा कोणती? ग्रुपवर तर कोणाचा पोरगा, कोणत्या वेटाळाचा, एवढंच चालते. स्टेजवर निदान या वेटाळातल्याला त्या वेटाळातल्या पोराचं घर आतून दिसलं असतं. त्या पाचशेच्या नोटेचा सीन पाहून एखाद्या बापानं मोबाईल खाली ठेवला असता का, मला नाही माहीत, पण पोरानं बापाकडं वळून पाहिलं असतं हे नक्की.

नोट देणाऱ्या बापाचं काम माझ्या पुतण्याकडं होतं. काल त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागं बैलाच्या घंट्या वाजून राहिल्या होत्या. म्हणे काका, शाळेत नाही म्हटलं तं आम्ही आमच्या कोठ्यात तालीम करून राहिलो, रात्री जेवणं झाल्यावर, त्या वेटाळातले तिघं येतात, जॉनीसारखा जो आहे ना आमच्या नाटकात तो मात्र अजून येत नाही, त्याच्या घरून सोडत नाहीत. मी दादाला म्हटलं, तू जा त्याच्या घरी, बापाजवळ बस थोडा वेळ. दादा म्हणाला, उद्या जातो, आज रात्री ओलित आहे.