सुरी गंजली म्हणून ती नकली ठरत नाही

‘सुरीवर गंज आला किंवा तिला लोहचुंबक चिकटला, तर ते स्टेनलेस स्टील नकली’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, कमी गंजणारं. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो आणि तोच गंज अडवतो. डब्या-वाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 304 या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. पण ते मऊ, त्याला धार टिकत नाही. म्हणून सुरीला जास्त कार्बनचं, कडक केलेलं पोलाद लागतं. त्यात क्रोमियम बहुधा 13 टक्क्यांच्या आसपास, त्यातलंही थोडं कार्बनशी बांधलं जातं. हे पोलाद चुंबकाला चिकटणारच!

लोणच्याच्या कैऱ्या चिरून, मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये ठेवून बघा. सकाळी पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसू शकतात. मिठातलं क्लोराइड पापुद्रा भेदतं, तो हा प्रकार. खायच्या सोड्याच्या लगद्याने ठिपके बहुधा निघतात. लोखंडी तारेची घासणी मात्र नको, तिचे कण पात्यावर राहतात आणि तेच गंजतात.