तीस बायकांची चाचणी म्हणजे पुरावा?

कर्करोगावरच्या एका उपचाराबद्दल लेख वाचला: आधी इन्सुलिन दिलं की केमोचा थोडासा डोसही पुरतो, हे उरुग्वेतल्या चाचणीने ‘सिद्ध झालंय’ म्हणे! २००४ च्या त्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या जेमतेम ३० बायका होत्या. गाठी हळू वाढल्या, इतकंच दिसलं. आयुष्य वाढल्याचं त्यातून कळत नाही.

आणि इन्सुलिनने रक्तातली साखर उतरण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. माझी आई मधुमेही. एकदा इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला, तर दरदरून घाम, हात थरथरताहेत, मलाच ओळखेना. चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं तेव्हा कुठे भानावर आली. या उपचारात तर साखर मुद्दाम उतरवतात, वर केमो! टाटा मेमोरियलमधल्या केमोच्या कमी डोसच्या गोळ्यांत इन्सुलिन नसतं, त्यांची यात खिचडी करू नका.