माफ न करणारी घोड्याची गोष्ट

ॲनिमेशन आहे, प्राणी बोलतात, म्हणून 'बोजॅक हॉर्समन' कुणी पोरांसमोर लावणार असेल तर आधीच सांगते, नका लावू. (पुढे स्पॉयलर आहेत. पण मालिका २०२० मध्येच संपलीय, आता कसले स्पॉयलर!)

बोजॅक हा घोडा. नव्वदच्या दशकात एका गोडगोड कौटुंबिक मालिकेमुळे स्टार झालेला, आता टेकडीवरच्या बंगल्यात दारू ढोसत पडलेला. एजंट गुलाबी मांजर, प्रतिस्पर्धी लॅब्रेडोर, पोस्टमन दिसला की भुंकणारा. सुरुवातीचे भाग निव्वळ टाइमपास आहेत, खोटं कशाला बोला.

मग पहिल्या सीझनचा आठवा भाग येतो. हर्ब कझाझ हा बोजॅकला स्टार करणारा मित्र. तो गे असल्याचं बाहेर आलं, चॅनलने त्याला काढलं आणि बोजॅक स्वतःची खुर्ची सांभाळत गप्प बसला. आता हर्ब कॅन्सरने मरायला टेकलाय. बोजॅक माफी मागायला जातो. हर्ब सरळ सांगतो, नाही करणार माफ, जे केलंस ते घेऊन जग.

आपल्याकडे मरणाऱ्या माणसाने माफ करायचंच असतं. निदान टीव्हीवर तरी. इथे नाही.

इसापनीतीतल्या कोल्ह्याची फजिती झाली की गोष्ट संपते. या घोड्याची फजिती पुढच्या सीझनमध्येही त्याच्या मागे येते. तिसऱ्या सीझनमधला समुद्राखालचा भाग बघा, जवळपास संवादच नाहीत. ज्या दिग्दर्शिकेची नोकरी त्याच्यामुळे गेली तिच्यासाठी तो मोठ्या कष्टाने चिठ्ठी लिहितो आणि पाण्यात शाई फुटते. वर शेवटी कळतं की पाण्याखाली श्वास घ्यायला घातलेल्या हेल्मेटला बोलायचं बटण होतं! मी हसले, आणि हसल्याचा रागही आला. हा ब्लॅक ह्यूमर प्राण्यांमुळेच पचतो. हाडामांसाचा नट असता तर मी कधीच चॅनल बदललं असतं.

"फार डिप्रेसिंग आहे" म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. आहेच. माझं भांडण आहे ते शेवटावर चिडलेल्यांशी. सारा लिन, त्याच्या मालिकेतली लहान मुलगी, मोठी झाल्यावर त्याच्यासोबतच्या नशेत मरते. स्वतःवर आळ येऊ नये म्हणून तो सतरा मिनिटं थांबून मग ॲम्ब्युलन्स बोलावतो. तुरुंगात जातो तो मात्र विकलेल्या घरात घुसल्याबद्दल. लोक म्हणतात, हा कसला न्याय? अहो, न्याय आहे असं मालिका म्हणतेय कुठे?